पुनीतला ग्राफिक कार्डाचं विचारायचं आहे

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज लॅपटॉप पुन्हा बंद पडला. जगदीशभाऊंच्या नव्या गाण्यात वरातीचा लांब शॉट आहे, बँडवाले, धूळ, पन्नास माणसं नाचताहेत. तिथे आलं की पंखा घोंघावतो आणि पडदा काळा होतो. सकाळपासून तेवढाच तुकडा जोडत होते.

जगदीशभाऊ कोरीटचे. अहिराणी गाण्यांचं त्यांचं चॅनल आहे आणि गेल्या वर्षापासून एडिटिंग माझ्याकडे. दुपारी फोन आला. "ताई, मन्हं गाणं कवय व्हई? फेब्रुवारीमा लगीनसराई शे. तीन गाणा तवपावत तयार पाहिजेत." मी म्हटलं, मशीन जुनी झाली आहे. ते म्हणाले, "मंग नवी ली ले ना ताई. धुळाना पोऱ्या मांगे लागेल शे मन्हा."

संध्याकाळी पप्पांना सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, ते पितळी घागरींवरची धूळ पुसत होते. ते म्हणाले, "लॅपटॉप नको आता. टेबलावरचा घे, जोडून घे, टिकतो." माझे साठलेले आणि त्यांचे मिळून पंचावन्न हजार. त्याच्या वर एक रुपया नाही. मॉनिटर घरात आहे, माझ्या भावाचा, पुनीतचा जुना.

टेबलावरचा, जोडून. हे शब्द पप्पांचे नाहीत, पुनीतचे आहेत. दुकानाच्या बिलांचा कॉम्प्युटर त्यानेच जोडला होता. आपण दोघं मिळून एक मोठा जोडू, असं त्याचं आणि माझं ठरलं होतं. माझ्या बारावीच्या सुट्टीत आम्ही पार्ट निवडत बसायचो, एकही विकत न घेता. मग त्याचं इंजिनिअरिंग संपलं आणि त्याने दीक्षा घेतली. तीन वर्षं झाली. आता त्याचं नाव ऋजुमुनी.

आणि मम्मीने आज जैन स्थानकातून बातमी आणली. जळगावचा चातुर्मास संपला, महाराज साहेबांचा संघ सुरतेकडे निघाला आहे. धुळे, दोंडाईचा, मग शहादा. डिसेंबरात इथे येतील. दीक्षेनंतर तो पहिल्यांदाच गावात येतो आहे.

कॉम्प्युटर काय घ्यायचा ते तेव्हाच त्याला एकदा विचारून घेईन. इतकं सोपं होतं, उगाच काळजी करत होते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

स्टँडजवळ रमिलाताईंच्या दुकानात गेले. रमिलाताई धडगावकडच्या, घरी पावरी बोलतात, माझ्याशी मराठी. आयटीआय करून त्यांनी दुकान टाकलं. निम्मं काम प्रिंटर दुरुस्तीचं, पण सांगितलं तर सुरतेहून पार्ट मागवून मशीन जोडून देतात.

त्यांनी समोर खुर्ची ओढली. "काय काम करणार त्यावर?" व्हिडिओ एडिटिंग म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग तीन गोष्टींना पैसे जाणार. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड. तिन्ही चांगल्या घेतल्या तर पंचावन्नमध्ये बसत नाही. एकीला कमी करावं लागेल."

मी म्हटलं, एसएमपीएस स्वस्तातला घेऊ. विजेचा पुरवठा करणारा डबाच तर तो. त्यांनी मान हलवली. "शहाद्याची लाईन माहीत आहे ना? संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज खाली. स्वस्तातला डबा जळतो तेव्हा सोबत सगळं घेऊन जळतो. तिथे मी तुला पैसे वाचवू देणार नाही."

म्हणजे प्रश्न एवढाच राहिला. वेगळं ग्राफिक कार्ड घ्यायचं आणि प्रोसेसर, रॅम हलकी घ्यायची. की ज्याच्या पोटातच ग्राफिक आहे असा प्रोसेसर घ्यायचा, रॅम भरपूर घ्यायची आणि कार्ड पुढे कधीतरी. पहिल्यात इफेक्ट पटापट चालतील पण मोठ्या फायलीत अडकेन. दुसऱ्यात फायली उघडतील पण इफेक्ट रखडतील. मी दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्ही बरोबर वाटतात.

याचं उत्तर पुनीत एका वाक्यात देईल. तो असाच होता. मी तासभर बोलायचे आणि तो म्हणायचा, "हे घे."

रविवार, २३ नोव्हेंबर

रमिलाताईंनी स्वतःहून फोन केला. रॅमचे भाव चढताहेत. सगळीकडेच, जगभर, मोठ्या कंपन्या उचलताहेत म्हणे. गेल्या आठवड्यात सांगितलेला भाव आज नाही. "तुला घ्यायची असेल तर आज सांग. बाकीचं पुढच्या महिन्यात घेतलं तरी चालेल, रॅम आज घे."

मी दुकानात गेले. म्हटलं, कार्ड घ्यायचं की नाही ते ठरल्याशिवाय रॅम किती ते कसं ठरणार. थोडं थांबते.

"कशासाठी थांबतेस?"

"भावाला विचारायचं आहे."

"मग लाव फोन."

त्यांना समजावून सांगावं लागलं. तो फोन वापरत नाही. विजेच्या कुठल्याच वस्तूला हात लावत नाही, पंख्याखालीसुद्धा बसत नाही, पायी चालत येतो आहे. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा भाऊ बारडोलीकडे ऊस तोडायला गेला आहे, बायकोला घेऊन. पण होळीला येतो. तुझा किती दिवस राहणार?"

"दोन दिवस. स्थानकात. घरी नाही राहत ते."

"घर गावात असून?"

मी हो म्हटलं. बाहेरून पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडे जाणारा उसाचा ट्रॅक्टर गेला, मागे दोन ट्रॉल्या, सगळं दुकान हाललं.  मग रमिलाताई म्हणाल्या, "मी हट्ट करत नाही. पण भाव तुझ्यासाठी थांबणार नाही."

सोमवार, १ डिसेंबर

रॅमचा भाव जवळजवळ दुप्पट झाला. फायली साठवायची एसएसडीपण चढली. पप्पांना सांगितलं नाही.

जगदीशभाऊंनी एक गाणं एडिटिंगला धुळ्याच्या मुलाला दिलं. रागावले नाहीत. "ताई, मी काय करू, तारीख देयेल शे मी. बाकीना दोन तुन्हाकडेच ठेवस." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

आता रॅम घेतली तर कार्ड नाहीच. म्हणजे खरं तर प्रश्न सुटलाच आहे, रॅमच्या भावाने सोडवला. रमिलाताई तेच म्हणाल्या. पण मला वाटतं पुनीतला काहीतरी तिसरंच सुचेल. बारा दिवस राहिले असतील फार तर. आता थांबलेच आहे तर थांबते.

रविवार, ७ डिसेंबर

संघ दोंडाईच्याला पोचला. मम्मी सकाळपासून सगळं घर धुऊन काढते आहे. स्थानकात उतरल्यावर साधू घरोघर गोचरीला जातात, थोडं थोडं अन्न घेतात. कोणाच्या घरी जातील ते आधी सांगत नाहीत. तरी मम्मीला खात्री आहे. "तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांच्या पात्रात वाढलं. एकदा माझ्याकडे येतील ना."

मी सहज म्हणाले, त्याला कॉम्प्युटरचं विचारणार आहे. मम्मीने फडकं खाली ठेवलं. "त्याला नाही, त्यांना. आणि असलं काही विचारायचं नसतं, प्रियल. त्यांनी हो म्हटलं तर त्या विजेचा, त्या यंत्राचा दोष त्यांना लागतो. तू त्यांचं व्रत मोडायला बघतेस का?"

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मी दुसऱ्या शब्दांत विचारीन. वस्तूचं नावच घेणार नाही. दुपारभर वाक्य जुळवत होते. "एखादी गोष्ट झेपेल तेवढी आत्ता घ्यावी आणि पुढे वाढवावी, की थांबून पूर्णच घ्यावी?" यात वीज नाही, यंत्र नाही. त्याला कळेल. आम्ही पप्पांसमोर मोबाइलचं बोलायचो तेव्हा असंच बोलायचो.

शनिवार, १३ डिसेंबर

आले.

सारंगखेड्याच्या रस्त्यावर सगळा समाज सामोरा गेला होता. सात साधू, पांढरे कपडे, अनवाणी. मी आधी त्याला शोधत होते आणि तो माझ्या समोरून गेला. बारीक झाला आहे. केस उपटून लोच केलेलं डोकं, तोंडावरच्या मुहपत्तीने अर्धा चेहरा झाकलेला. चाल मात्र तीच, डावा खांदा किंचित पुढे. त्या चालीवरून ओळखलं.

दुपारी स्थानकात वंदनेला गेलो. बायकांची रांग वेगळी, बऱ्याच अंतरावर बसायचं. मम्मी नुसती बघत होती. माझी पाळी आली. "मत्थएण वंदामि" म्हटलं, तो "दया पाळो" म्हणाला. सगळ्यांना म्हणतो तसंच. मग विचारलं, "स्वाध्याय चालतो का?" आवाज बदललेला नाही. मला वाटत होतं आवाजही बदलला असेल.

मी म्हटलं, "महाराज साहेब, एक विचारायचं होतं." आणि ते वाक्य म्हटलं, ठरवलं होतं तसं.

त्याने नजर खाली केली. मग म्हणाला, "आज जेवढं झेपेल तेवढं आज घ्यावं. पुढे वाढवता येतं. थांबलं की बहुतेक वेळा राहून जातं."

मला इतका आनंद झाला. त्याला कळलं होतं. मी मान वर केली तर तो म्हणाला, "मग काय घेता?"

 पोटात ग्राफिक असलेला प्रोसेसर, असं तोंडापर्यंत आलं होतं. मागे बायका थांबल्या होत्या. मम्मी माझ्याकडे बघत होती.

"कोणता नियम घेता?" त्याने पुन्हा विचारलं.

"रात्रीचं जेवण सोडते," मी म्हणाले.

"किती दिवस?"

"होळीपर्यंत."

त्याने हात जोडायला सांगितले आणि पच्चक्खाण दिलं, त्या नियमाची प्रतिज्ञा. आता मला जवळजवळ तीन महिने सूर्यास्तानंतर काही खायचं नाही. बाहेर आल्यावर मम्मीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिला वाटलं मी हे आधीपासून मनात धरलं होतं.

त्याला खरंच कळलं नसेल का? मुहपत्तीमुळे हसतो की नाही ते दिसत नाही. डोळे मात्र शेवटी बारीक झाले होते. बाहेरच्या उजेडानेही होतात.

रविवार, १४ डिसेंबर

हे लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर डोक्यातून जाणार नाही.

मम्मी सकाळी लवकर उठली. पोळ्या, मुगाची डाळ, गट्ट्याची भाजी, सगळं नेहमीच्या वेळेला, नेहमीएवढंच. त्यांच्यासाठी वेगळं केलेलं त्यांना चालत नाही, म्हणून तिने जास्त केलंच नाही, आपल्या वाट्यातून देणार होती. दिवे बंद, पंखे बंद, मिक्सरचा प्लगही काढलेला. साधू दारात आले तेव्हा घरात कोणी विजेला, विस्तवाला किंवा कच्च्या पाण्याला हात लावलेला असेल तर ते घर त्या वेळेपुरतं असूझतं होतं. तिथलं अन्न ते घेत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत आहे. लहान मुलांना माहीत असतं.

मी वरच्या खोलीत होते. खालून पप्पांचा आवाज आला, "पधारो, पधारो." मी धावत खाली आले. हातात मोबाइल आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं.

तो आणि एक वडील साधू दुकानाचा जिना चढून मधल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले होते. मम्मीच्या हातात पोळी होती. त्याने झोळीतून पात्र काढलं होतं. मी त्याच्यापासून चार हातांवर उभी होते आणि मोबाइल वाजला. रमिलाताईंचा फोन होता. मी घाईत तो बंद करायला बोट लावलं.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग पात्र झोळीत ठेवलं. "असूझतं," एवढंच म्हणाला, अगदी हळू, आणि मागे वळला. वडील साधूही वळले. जिन्यावरून उतरताना त्याने एकदाही भिंतीला हात लावला नाही. आधी तो तिथला कठडा धरून दोन दोन पायऱ्या उतरायचा. समोरच्या घरी गेले.

मम्मी पोळी हातात घेऊन उभीच होती. मी मम्मी म्हटलं. तिने पोळी परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. मला ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं.

उद्या सकाळी विहार आहे, संघ पुढच्या गावाला निघेल.

फोन कशासाठी होता ते नंतर कळलं. रमिलाताईंना एका ठिकाणी जुन्या भावात रॅम मिळत होती, लगेच हो म्हणायचं होतं. मी फोन उचलला नाही म्हणून गेली. बरं झालं.

सोमवार, १५ डिसेंबर

उजाडल्यावर संघ प्रकाशाकडे निघाला. आम्हीही मागे चालत गेलो, साठ-सत्तर माणसं. पुरुष पुढे, साधूंच्या जवळ, बायका मागे. थंडी होती. उसाच्या गाड्या समोरून येत होत्या, बैल बुजत होते. मम्मी माझ्यापासून थोडी लांब चालत होती.

पप्पा त्याच्या बरोबरीने चालत होते. त्यांनी चपला काढून हातात धरल्या होत्या. मी आयुष्यात त्यांना रस्त्यावर अनवाणी पाहिलेलं नाही. दोघांचे खांदे मागून सारखे दिसतात, हे मला आज कळलं. पप्पा मधेच त्याच्याकडे वळून काहीतरी बोलले. त्याने समोर बघतच काही उत्तर दिलं.

एका वळणावर सगळे थांबले. संघाच्या प्रमुख गुरुदेवांनी मांगलिक, निरोपाचा पाठ, सांगितलं. मी लांबूनच हात जोडून माफी मागितली, "मिच्छामि दुक्कडं" म्हटलं. त्याला ऐकू गेलं का माहीत नाही. तो "दया पाळो" म्हणाला, पण ते सगळ्यांनाच. मग ते सात जण निघाले. मम्मी वाट बघत होती की तो मागे वळेल. मी मम्मीकडे बघत होते, त्यामुळे तो वळला की नाही हे मला सांगता येणार नाही. नसेल वळला.

घरी आल्यावर पप्पा लंगडत होते. तळव्याला खडी लागून फोड आले होते. मी गरम पाणी आणलं आणि विचारलं, "तुम्ही त्यांना काय विचारत होतात?"

पप्पा आधी काही नाही म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्या त्या मशीनचं. घेऊन द्यावं का, म्हटलं. ते असते तर त्यांनीच आणलं असतं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, पुढे खडी आहे, सांभाळून चाला."

मम्मी ओट्याजवळ उभी होती. ती तेल आणि हळद गरम करून घेऊन आली आणि पप्पांच्या पायाला लावायला बसली.

बुधवार, १७ डिसेंबर

रमिलाताईंना सांगितलं, मला काही घ्यायचं नाही. जगदीशभाऊंनाही सांगणार आहे. त्या म्हणाल्या, "घरी काही झालं का?" मी नाही म्हटलं.

सूर्य सहाच्या आत बुडतो. त्याआधी जेवायचं म्हणजे दुपारचं पचलेलंही नसतं. मम्मी मला साडेपाचला ताट वाढते. बोलत नाही, पण वाढते.

बुधवार, २४ डिसेंबर

आज जेवताना मम्मी समोर बसली. म्हणाली, "ते यंत्र कधी आणणार आहेस?"

मी म्हटलं, नाही आणणार.

"का?"

मी पोळीचा तुकडा मोडला. ती म्हणाली, "ते तुझ्यामुळे परत गेले असं मी चार दिवस धरून बसले होते. मग विचार केला, हातात मोबाइल बघूनही त्यांनी पोळी घेतली असती, तर मी खूश झाले असते का? झालेच असते. आणि त्यांची तीन वर्षं वाया गेली असती माझ्या एका पोळीसाठी." तिने माझ्या ताटात अजून भाजी वाढली. "ते नीट करताहेत. तूही तुझं नीट कर. ते कोरीटवाले दुकानात आले होते, रुखवताची भांडी घ्यायला. तुझी चौकशी करत होते."

"काय म्हणाले?"

"ताईना हाते जे गाणं व्हस ते दुसराना हाते नई व्हत," मम्मीने त्यांची नक्कल केली. तिला अहिराणी इतकी चांगली येते हे मला माहीत नव्हतं.

शनिवार, २७ डिसेंबर

निवडलं. आज एका बैठकीत.

ग्राफिक कार्ड नाही. पोटात ग्राफिक असलेला प्रोसेसर. रॅम बत्तीस जीबी घेण्याचा विषयच संपला, सोळा. त्यातही प्रश्न आलाच. रमिलाताई म्हणाल्या, "आठच्या दोन घेतल्या तर आत्ता जास्त पळेल. सोळाची एकच घेतली तर थोडी हळू चालेल, पण मदरबोर्डवर दुसरी जागा रिकामी राहील. पुढे भाव उतरले की अजून सोळा घालता येईल. दोन्ही जागा आठने भरल्यास तर पुढे दोन्ही काढून टाकाव्या लागतील."

मी म्हटलं, सोळाची एक.

"विचार करून सांग."

"केला."

एसएमपीएस चांगला, पुढे कार्ड लावलं तरी पुरेल असा. एसएसडी निम्म्या आकाराची, जुनी गाणी बाहेरच्या डिस्कवर ठेवीन. कॅबिनेट साधं, काच नाही, दिवे नाहीत. सगळं मिळून पंचावन्नच्या आत बसलं. नोव्हेंबरात घेतलं असतं तर याच पैशात दुप्पट रॅम आली असती आणि वर थोडे उरले असते. रमिलाताई हे बोलल्या नाहीत. मीच बोलले.

"मग त्यांनी काय सांगितलं शेवटी, भावाने?" त्यांनी विचारलं.

"रात्री जेवू नकोस म्हणाले."

त्या हसायला लागल्या. मीही हसले. मग दुकानात बराच वेळ हसू थांबेना आणि नंतर मला रडू आलं. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे बाहेरून कोणी बघू नये. आणि पावरीत काहीतरी म्हणाल्या. मला शब्द कळले नाहीत.

रविवार, ४ जानेवारी

पार्ट सुरतेहून आले. रमिलाताई म्हणाल्या मी जोडून देते, मी म्हटलं माझ्या हाताने जोडायचं आहे, तुम्ही शेजारी बसा. आमच्याच घरी, वरच्या खोलीत, चादर पसरून.

आधी प्रोसेसर बसवला. तो जागेवर ठेवून दांडी दाबली की करकर वाजतं, मोडलं असंच वाटतं. रॅमची पट्टी दोन्ही बाजूंनी टक होईपर्यंत दाबली. वायरी लावताना कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक वायरी उलट्या लागल्या, त्या काढून पुन्हा लावल्या. रमिलाताईंनी फक्त एकदा माझा हात धरला, पंख्याची वायर पात्यात अडकत होती तेव्हा.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

एक मिनिट, दोन मिनिटं. मदरबोर्डवर रॅमपाशी एक पिवळा दिवा लागून राहिला. रमिलाताई म्हणाल्या, "रॅम नीट बसली नाही. बंद कर, काढून बघू." मला आठवलं, या नव्या रॅमला पहिल्यांदा वेळ लागतो, बोर्ड तिला ओळखून घेतो, असं वाचलं होतं. मी म्हटलं, जरा थांबू. त्या म्हणाल्या, "तुझं थांबणं मला माहीत आहे." पण त्यांनी हात मागे घेतला.

पप्पा दारात येऊन उभे राहिले होते. कधी आले ते कळलं नाही.  मग पडद्यावर अक्षरं आली.

पप्पांनी विचारलं, "झाला?" रमिलाताई म्हणाल्या, "झाला, काका. तुमच्या मुलीने केला." पप्पा मॉनिटरकडे बघत राहिले, पुनीतच्या जुन्या मॉनिटरकडे. मग दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून खाली गेले. रविवारी दुपारी आमचं दुकान बंद असतं.

गुरुवार, ८ जानेवारी

संघ नंदुरबारहून पुढे नवापूर ओलांडून गेला, असं स्थानकात कळलं. आता गुजरात. पुन्हा इकडे कधी येतील कोणी सांगू शकत नाही.

जगदीशभाऊंचं वरातीचं गाणं आज पूर्ण झालं. लांब शॉट सलग चालला. इफेक्टला मशीन रखडते, कॉफी करून यावं इतका वेळ लागतो, पण बंद पडत नाही. दुपारी चारच्या सुमारास शेवटचं एकदा पहिल्यापासून बघायला बसले. आवाज नीट आहे का ते कळावं म्हणून दुकानातले जुने मोठे स्पीकर लावले. ढोल, पिपाणी, पोरांच्या शिट्ट्या.

खालून पप्पा ओरडले, "पुनीत, आवाज कमी कर."

मी "हो पप्पा" म्हटलं आणि कमी केला. मग कळलं.  खाली भांडी रचण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. तीन वर्षांत या घरात कोणी ते नाव घेतलेलं नाही. महाराज साहेब म्हणतो आम्ही, पप्पा तर सगळ्यांत जास्त काळजीने.

मी माउसवर हात ठेवून बसून राहिले. गाणं बारीक आवाजात चालू होतं. स्वयंपाकघरातून मम्मी आली, हात पिठाचे. दारातच थांबली. मला वाटलं ती पप्पांबद्दल काहीतरी बोलेल.  ती पडद्यावर नाचणारी माणसं बघत होती, पण तिचे कान खाली, जिन्याकडे होते.

मम्मीला अहिराणी गाण्यांचा गोंगाट कधीच आवडला नाही. ती म्हणाली, "परत थोडा मोठा कर."

मी केला.